कोपऱ्यावरचा चीन देश

बेळगावास प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला काय काय दाखवावयाचे, याची आमच्या घरी एक ठरलेली यादी आहे. भुईकोट किल्ला, किल्ल्यातील कमलबस्ती, कपिलेश्वराचे देऊळ, आणि निघताना हातात कुंद्याचा पुडा. या यादीत जे कधीच नसते, पण आमच्या शहापुरातील कोणताही शाळकरी मुलगा पाहुण्याला जे सर्वांआधी दाखवील, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

सायंकाळचे सहा वाजले आणि कपिलेश्वर उड्डाणपुलावरून शहापुरात उतरणारी रहदारी दाटली, की रस्त्याच्या कडेला थोड्याथोड्या अंतरावर निळ्या ज्योती घोंघावू लागतात. त्या चायनीजच्या गाड्यांवरील भट्ट्यांच्या. गाडीला लाल पत्रा, पत्र्यावर पिवळ्या रंगाचा ड्रॅगन. रंगाऱ्याने सुसर पाहिलेली असते आणि गणपतीच्या देखाव्यातला शेषनागही पाहिलेला असतो. दोहोंची सरासरी काढून त्याने हा प्राणी सिद्ध केलेला असतो. त्याखाली कानडी आणि इंग्रजी अक्षरांत पदार्थांची नावे. मराठी अक्षर शोधूनही सापडत नाही, पण गाडीपुढे जमलेल्या घोळक्यात मराठीला तोटा नसतो. "एक हाफ गोबी दे की रे, कडक कर!" ही आरोळी आमच्या अभ्यासिकेच्या खिडकीतून रात्री दहापर्यंत ऐकू येते.

भाषेच्या शिक्षकाला या 'गोबी'ने प्रथम छळले, ते तिच्या नावाने. आमच्या घरात फुलकोबीला फ्लॉवर म्हणतात आणि पानकोबीला कोबी. गोबी हा हिंदीतून आलेला पाहुणा. बरे, त्या नावाखाली फ्लॉवर मिळावा, तर बहुतेक गाड्यांवर घालतात तो बारीक चिरलेला कोबीच. त्यापुढे 'मंचुरियन'. मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडील प्रदेश. ज्या मांचू घराण्याने १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य केले, त्याचे मूळ स्थान. त्या प्रदेशाचा या पदार्थाशी काडीचा संबंध नाही. पदार्थाचा जन्म मुंबईचा, असेच सांगितले जाते. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग हे चिनी वंशाचे आचारी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. काही तरी निराळे करा, अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपली फोडणी घेतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला, आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले. शाकाहारी मंडळींनी पुढे कोंबडी काढून कोबी घातला. म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा हा चीन देश वयाने आमच्याहूनही धाकटा आहे, आणि तो रेल्वेने एका रात्रीत येता येईल इतक्या अंतरावरून आला आहे.

आता कबुलीजबाब. ज्या गाडीविषयी आम्ही लिहीत आहोत, ती पूर्वी आमच्या शाळेच्या फाटकासमोर उभी असे आणि ती तेथून हलविली आम्हीच. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा विनियम आहे. महामारीनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा मधल्या सुट्टीत मुले डब्यातली भाकरी तशीच ठेवून लाल ओठांनी वर्गात परतू लागली. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही अर्ज लिहिला. अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आठवड्याभरात तीन गाड्या गेल्या. तिसरी गाडी आमच्याच एका विद्यार्थ्याची आहे, हे अर्ज लिहिताना आम्हांला ठाऊक होते. सातवीपर्यंत तो आमच्या हाताखाली शिकला; अक्षर सुरेख, गणित बेताचे. दहावीनंतर शिक्षण सुटले, कारण वडिलांच्या वडगावातल्या चार यंत्रमागांवर घर चालेनासे झाले होते. मुलगा गोव्याला गेला, म्हापशाला एका नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली कढई धरायला शिकला, आणि महामारीत काम सुटले तेव्हा परत येऊन त्याने ही गाडी घातली. तोवर मागही भंगारात गेले होते.

गाडी उठविली तेव्हा तो काही बोलला नाही. महिन्याभराने ती आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहिली. त्यात त्याचा काही हेतू होता असे आम्हांस वाटत नाही. जागा मोकळी होती एवढेच. परंतु रोज सायंकाळी फिरावयास निघताना "नमस्कार सर" असा आवाज यायचा आणि आम्ही छत्रीच्या मुठीकडे पाहत "हं" म्हणून पुढे जायचो. असे दीड वर्ष गेले.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवती कन्येच्या बाळंतपणासाठी पुण्यास गेल्या. पहिले चार दिवस पिठले-भातावर निभावले. पाचव्या दिवशी पाऊस असा कोसळला की छत्री उलटली आणि आम्ही समोर दिसेल त्या आडोशाला शिरलो. तो आडोसा त्याच्या ताडपत्रीचा होता.

"बसा की सर," त्याने स्टूल पुसले. "काही खातलासा काय?"

नकार देण्याइतके आम्ही कोरडे नव्हतो. त्या दिवशी प्रथमच ही पाककृती अगदी शेजारी बसून पाहिली. मीठ लावलेला कोबी, मैदा, कॉर्नफ्लोअर, आले-लसणाचे वाटण यांचे गोळे दुपारीच अर्धेकच्चे तळून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक आले की ते पुन्हा कडकडीत तेलात पडतात. मग खोलगट लोखंडी कढई भट्टीवर चढते, आणि भट्टीचा तो घोंघाट सुरू होतो. तेलावर लसूण, हिरवी मिरची, ढबू मिरची. एकामागून एक बाटल्यांतून सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर. चिमूटभर 'टेस्टिंग पावडर', जिच्या मुळाशी १९०८ साली तोक्योच्या प्राध्यापक इकेदांनी समुद्रशैवालातून वेगळे काढलेले द्रव्य आहे आणि जी म्हणून चिनी नव्हे, जपानी आहे. शेवटी गोळे, आणि वरून कांद्याची पात. गोळे एकदा हवेत उडतात आणि सर्वच्या सर्व कढईत परततात. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. वर्गात चाळीस मिनिटे ज्याचे लक्ष एका ठिकाणी राहत नसे, तो हाच का, असे मनात आले.

चव? खरे सांगावयाचे तर पहिला घास नुसताच तिखट लागला, दुसरा आंबट. तिसऱ्या घासानंतर आम्ही चवीचा विचार करणे सोडले. बशी संपली तेव्हा पाऊस चालूच होता. सोमवार आणि संकष्टी वगळून, सौभाग्यवती परत येईपर्यंत आम्ही त्या स्टुलावर किती वेळा बसलो, हा आकडा येथे देण्याचे कारण नाही.

वाईट बातमी त्याला गोव्याकडून आधी कळली. वास्कोच्या सप्ताहात गोबीच्या गाड्यांवर २०२२ सालीच टाच आली होती. २०२४ च्या आरंभी म्हापशाच्या श्री बोडगेश्वराच्या जत्रेतही नगरपालिकेने गोबी मंचुरियनला मज्जाव केला. म्हापशातले त्याचे जुने सोबती फोनवर रडत होते. मग ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटक सरकारने आदेश काढला. राज्यात तपासलेल्या गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत अपायकारक कृत्रिम रंग सापडले होते. कापूसमिठाईत तर ऱ्होडामाइन-बी सापडले. असे रंग वापरणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी लावलीच नाही. रात्री तो कानडी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्या दारात उभा राहिला. कानडी त्याला बोलता उत्तम येते. छापील सरकारी कानडीत तो अडखळतो. आम्ही नोकरीच्या निमित्ताने ती रोज वाचतो. "गोबीच बंद झाली म्हणतात, सर. खरं काय वो?" आम्ही एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितले. बंदी गोबीवर नव्हती, रंगावर होती. तो बराच वेळ उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. मग खिशातून एक पुडी काढून त्याने आमच्या टेबलावर ठेवली. तीवर ना नाव, ना पत्ता. बाजारात मिळते, सगळे घेतात, तोही घेई. त्याच्या वडिलांनी ती आदल्या रात्री प्रथम पाहिली होती आणि चिमटीत घेऊन एवढेच म्हटले होते, की असला रंग आम्ही रेशमाला देत होतो. बोटाला लागला तर चार दिवस जात नसे. ऱ्होडामाइन हे कापड आणि कागद रंगविण्याचे द्रव्य आहे, हे आम्ही त्यानंतर वाचले. त्या पुडीत नेमके तेच होते की दुसरे काही, हे सांगता येणार नाही. ती मोरीत ओतली. मोरी दोन दिवस गुलाबी होती. आम्हांला शाळेच्या फाटकातून आत येणारे ते लाल ओठ आठवत राहिले, आणि त्यालाही आठवत असावेत, कारण त्याच्या धाकट्या बहिणीची मुले त्याच गाडीवर वाढली होती.

गाडी पुन्हा लागली, ती तपकिरी गोबी घेऊन. गिऱ्हाइके बशीकडे पाहत आणि विचारीत, "ही गोबी आहे का भजी?" चव तीच होती, कारण रंगाला चव नव्हतीच. पण माणसाची जीभ डोळ्यांत असते की काय कोण जाणे. चैत्रातल्या एका रात्री आम्ही गेलो तेव्हा स्टुले रिकामी होती आणि भट्टी विझवून तो पत्र्यावरच्या अक्षरांवरून फडका फिरवीत होता.

"सर, इतकी वर्षं नूडल्स विकतोय. हे हक्का म्हणजे काय?"

आम्हांला त्या वेळी सांगता आले नाही. शिक्षकाला हे सहन होत नाही. सार्वजनिक वाचनालयात दोन रविवार घालवून मग सांगितले. हक्का हे चीनमधल्या एका समाजाचे नाव. उत्तरेकडून शतकानुशतके दक्षिणेत सरकत आलेले हे लोक. स्थानिकांनी त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'पाहुणी घराणी'. कित्येक पिढ्या तेथे नांदूनही ते नाव सुटले नाही. त्यांतले अनेक पुढे कलकत्त्यास आले. तेथे इतरांनी नाकारलेले कातडी कमावण्याचे काम त्यांनी पत्करले आणि टांगरा ही वस्ती उभी केली. १९६२ चे युद्ध झाले तेव्हा देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत इथेच जन्मलेलेही होते, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. कित्येक कुटुंबे त्यानंतर देश सोडून गेली. जे राहिले, त्यांच्या टांगऱ्यातून आणि तशाच स्वयंपाकघरांतून हा सगळा कढईचा संसार देशभर पसरला.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता कोबी चिरत होता.

"म्हणजे पाहुण्यालाच चुलीपुढं बसवलं म्हणा की!"

आम्ही काहीच बोललो नाही. पिढ्यानपिढ्या या गावात राहूनही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न ज्यांना सरकारी कचेरीत विचारला जातो, त्या आमच्या वाचकांनाही यावर फारसे बोलावेसे वाटणार नाही.

लाल रंगाचा प्रश्न शेवटी सुटला तो आमच्या स्वयंपाकघरात. सौभाग्यवतींनी गाडीवरची गोबी आजवर तोंडात घातलेली नाही आणि घालणारही नाहीत, पण खिडकीतून सर्व ऐकून एके दिवशी त्या म्हणाल्या, "रंगच हवाय ना त्याला? मग ब्याडगी कशासाठी आहे?" आमच्या भागात मसाला कुटताना हे कोणाला शिकवावे लागत नाही: रंग ब्याडगी मिरचीचा, झणका संकेश्वरीचा. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, तिखटाला सौम्य आणि रंगाला पक्की. तिच्यातून काढलेला रंग कारखानेही विकत घेतात. संकेश्वर तर आमच्याच जिल्ह्यातले. मिरच्यांच्या बिया काढून गरम पाण्यात तासभर भिजवायच्या, साल राहणार नाही असे बारीक वाटायचे, आणि लसणानंतर तेलात परतायचे. घरातले वाटण एका डब्यात भरून आम्हीच कोपऱ्यापर्यंत नेऊन दिले. पहिल्या दिवशी ते जळले, कारण भट्टीची आच घरच्या शेगडीची नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने ते सॉसबरोबर घातले. रंग पूर्वीसारखा भडक आला नाही. जुन्या इरकली लुगड्याच्या काठासारखा, जरा काळसर लाल आला.

बशीमागे पाच रुपये वाढवावे लागले. पुडी स्वस्त होती, ब्याडगी महाग आहे. सगळी गिऱ्हाइके परतली असे नाही. पलीकडच्या चौकात एका गाडीवर गोबी अजून संशयास्पद रीतीने लालबुंद असते आणि तेथे गर्दीही असते. याचा धंदा पूर्वीच्या तीन चतुर्थांशावर आला आहे, असे तो सांगतो. वडील आता दुपारी मिरच्यांच्या बिया काढतात.

गाडीच्या बाजूला त्याने एक लहान फळा टांगला आहे. 'रंग नाही, ब्याडगी मिरची' असे त्यावर तीन भाषांत लिहून द्यावे, अशी त्याने आम्हांस विनंती केली. कानडी आणि मराठी ओळी खडूने आम्ही लिहिल्या. इंग्रजी त्याने लिहिली, अक्षर अजून सुरेख आहे. मराठीत 'मंचुरियन' लिहावे की लोक म्हणतात तसे 'मंचुरी', यावर थोडा वाद झाला आणि आम्ही हरलो. पाऊस आला की फळा पुसला जातो. मग संध्याकाळी निरोप येतो, "सर, अक्षरं गेली," आणि आम्ही खिशात खडू टाकून निघतो. त्या दिवशीच्या बशीचे पैसे तो घेत नाही. आम्ही ते व्हिनेगरच्या बाटलीखाली ठेवून येतो.