आधी इंजिनाची जागा

सव्वापाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर रूळ कसे मांडायचे, हे मला बल्लारशाह यार्डातून निवृत्त झालेल्या एका शंटिंग जमादारांनी शिकवलं. त्यांनी तोवर छोटी रेल्वे कधी पाहिलेलीही नव्हती. आज माझ्या हातून जो काही नकाशा उतरतो, त्यातली प्रत्येक रेघ त्यांच्या प्रश्नांतून आलेली आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

या छंदाची ओढ मात्र पुण्याने लावली. भाऊ जोशी यांनी कोथरूडला उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी खुलं झालं. शिकत असताना मी तिथं गेलो. एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या, पेटणारे सिग्नल, आणि हे सारं एका माणसाच्या चिकाटीतून उभं राहिलेलं. त्या माणसाचंही ऋण माझ्यावर आहे. पुढे नोकरी लागली ती देसाईगंजला, म्हणजे वडसा स्टेशनच्या गावात. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोचते ती एवढीच, आणि वडसा ते गडचिरोली या नव्या मार्गाचं काम चालू आहे. शाळेतल्या कितीतरी मुलांनी मालगाडी जवळून पाहिलेली नव्हती. त्यांच्यासाठी एक छोटी रेल्वे करावी, असं मनात आलं.

गाड्या धावल्या पाहिजेत, एवढीच तेव्हा माझी समज होती. पण घर दोन खोल्यांचं. कोळशाच्या बॉक्सएन वाघिणीची लांबी सुमारे 10.7 मीटर, 1:87 या मापात ती 12.3 सेंटिमीटर होते. 58 वाघिणींचा पूर्ण रेक या लहान मापातही सात मीटरच्या पुढे जातो. मग मी चार वाघिणींची गाडी गोल फिरवायचा नकाशा काढला आणि एका सहकाऱ्याच्या ओळखीने तो काकांना दाखवायला बल्लारपूरला घेऊन गेलो. नागभीड, मूल, चांदा फोर्ट करत गाडी तिकडे जाते. वाटेभर मी तो कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो.

काकांनी कागद बराच वेळ पाहिला. "काम काय हाये इथं, गुरुजी? कोणती वाघीण कोठी जाते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मग आपलं यार्ड सांगितलं: कोळशाच्या साइडिंग, पेपर मिल, सागवानाचा डेपो, रिकाम्या वाघिणी कुठं ठेवायच्या, भरलेल्या कुठून ओढायच्या. मालगाडी धावते तो तिच्या आयुष्यातला थोडाच वेळ. बाकीचा वेळ ती कुठंतरी लावली जाते, काढली जाते, जोडली जाते. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. परत येताना गोल रुळाचा विचार मनातून गेला होता.

पुढच्या भेटीला मी तीन साइडिंगचा नकाशा नेला. काकांनी खडूने तो फरशीवर मोठा करून काढला, काड्यापेट्या मागवल्या आणि म्हणाले, "चालवा." तिसऱ्याच हालचालीत मी अडलो. तीन वाघिणी ओढून बाहेर काढायच्या, तर सांध्याच्या अलीकडे त्यांना आणि इंजिनाला मिळून उभं राहायला रूळच नव्हता. "इंजिन कोठी उभं राहीन?" त्यांनी विचारलं. यार्डात त्या रुळाला शंटिंग नेक म्हणतात. तो जेवढा लांब, तेवढंच एका खेपेला काम. नकाशा काढताना सगळे साइडिंगपासून सुरुवात करतात. काकांनी मला नेकपासून सुरुवात करायला लावली.

दुसरी गोष्ट फाउलिंग मार्कची. दोन रूळ जिथं एकमेकांपासून पुरेसे दूर होतात, तिथली ही खूण. तिच्या अलीकडे वाघीण उभी राहिली, तर शेजारच्या रुळावरून जाणारी तिला घासते. मी साइडिंगची लांबी सांध्याच्या टोकापासून मोजत होतो. काकांनी ती फाउलिंग मार्कपासून बफरपर्यंत मोजली, आणि पाचांची जागा चारांची झाली. या एका मोजमापाने माझे पुढचे सगळे नकाशे वाचले.

इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांची एक मांडणी या छंदात प्रसिद्ध आहे. तीन साइडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन; नेकवर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच, सांगितलेल्या क्रमाने, लांब साइडिंगवर लावायच्या. तिन्ही साइडिंग एकाच बाजूला उघडतात, त्यामुळे इंजिनाला वळसा घालून पलीकडे जावं लागत नाही. ही मांडणी मी काकांना दाखवली, तेव्हा ते खूश झाले. अकरा जागा आणि आठ वाघिणी. तीन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत हे त्यांनी लगेच हेरलं. यार्ड भरून गेलं की काहीच हलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं.

हाच नकाशा आम्ही पक्का केला. नेक 57 सेंटिमीटर, दोन सांधे प्रत्येकी 20 चे, लांब साइडिंग 62 ची. एक साइडिंग कोळशाची, एक कागदाची, एक सागवानाची. रूळ विकत आणले, ते 16.5 मिलिमीटरचे. काकांनी त्यावर वाघीण ठेवून पाहिली आणि म्हणाले, "हे रूळ आपले नाहीत, गुरुजी." खरंच होतं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87 मध्ये तो 19 च्या वर जातो. बाजारातले रूळ 1435 मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी असतात. एवढा फरक त्यांना नुसत्या नजरेने कळला.

त्यांचा एक आग्रह मी आजही शाळेत पाळतो. जोडणीआधी इंजिन थांबलंच पाहिजे, आणि झेंडी दाखवल्याशिवाय हललं नाही पाहिजे. दोन वाघिणींच्या मध्ये माणूस असतो, असं ते सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. म्हणून आमच्या फळीशी एक मूल इंजिन चालवतं आणि दुसरं झेंडी धरतं. आठ वाघिणींतून पाचांचे क्रम किती, हे मुलं तिथंच शोधतात. पहिल्या जागी आठ पर्याय, मग सात, सहा, पाच, चार; गुणाकार 6,720. पाठ्यपुस्तकातून मला हे इतकं सोपं करून कधी शिकवता आलं नसतं.

काका गेल्यानंतर मी नागभीडचा नकाशा हाती घेतला. गोंदिया–बल्लारशाह मार्ग ब्रॉडगेज झाल्यावरही नागपूरहून येणारी छोटी गाडी 2019 पर्यंत नागभीडला येत राहिली. तिचा गेज 762 मिलिमीटर. 1:87 मध्ये तो पावणेनऊ मिलिमीटर भरतो आणि बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ मिळतात. इथं रूळ आपले म्हणता येतील. काकांच्या पद्धतीने आधी कामाची यादी केली. छोटी गाडी नागभीडला संपते, म्हणजे इंजिनाला सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार. राइटच्या मांडणीत जो वळसा टाळला, तो इथं घ्यायलाच हवा, आणि त्या वळशाच्या टोकाशी सांध्यापलीकडे इंजिनापुरता रूळ हवा. फरशीवर खडूने आखून झालं आहे. फाउलिंग मार्क धरल्यावर वळशात तीनच डबे बसतात. चौथ्यासाठी फळी वाढवायची की गाडी लहान करायची, एवढं ठरायचं बाकी आहे.