बंद बटण, जिवंत तार

लेखणीवर पोसलेल्या आमच्या हडपसरच्या घरांत पुतण्या सध्यां औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकत आहे. वडील मंडळींस तें फारसें रुचलेलें नाहीं. परवां त्यानें माजघरांतील दिव्याचें बटण बंद करून बल्ब काढला व होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर उजळला! बटण फेजच्या तारेऐवजीं न्यूट्रलवर बसविलेलें होतें. दिवा दोन्ही रीतींनीं विझतो. पण दुसऱ्या रीतींत होल्डरमध्यें २३० व्होल्टची तार जिवंतच राहते. आणि काकू दर दिवाळीस तेथें ओलें फडकें फिरवीत असत! पुतण्यानें मेन स्विच पाडला, टेस्टरनें पुन्हां खात्री केली, मगच तारा बदलल्या. संध्याकाळपर्यंत घरांतील सर्व बटणें तपासलीं. आणखी दोन उलटीं निघालीं.