जुन्या करवतींचे भाव

१

बिडाचं टेबल, लोखंडी स्टँड, तांब्याच्या वाइंडिंगची मोटार. जुनं सर्क्युलर मशीन, म्हणजे टेबल सॉ, भंगारात जातं तेव्हा या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा होतो. काट्यावर ठरते ती त्याची तळाची किंमत. त्यावर जे मिळेल ते मशीन चालतं म्हणून.

२

मोटार जळालेली असली तरी गिऱ्हाईक मिळतं, रिवाइंडिंग कुठेही करून मिळतं. टेबलाला तडा गेला असेल तर मात्र गिऱ्हाईक मागे फिरतं. बीड जोडून देणारे आहेत. जोडल्यावर ते पुन्हा सपाट करून देणारा शोधावा लागतो.

३

अमेरिकेत मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३९ साली युनिसॉ हा टेबल सॉ बाजारात आणला. टेबल जागच्या जागी राहतं, खालचं पातं तिरकं होतं. ही कंपनी १९४५ साली रॉकवेलकडे गेली, १९८४ साली पेंटेअरकडे, २००४ साली ब्लॅक अँड डेकरकडे आणि २०११ साली तैवानच्या चँग टाइपकडे. जुने युनिसॉ अजून विकले जातात, घेणारे ते उघडून, रंगवून पुन्हा कामाला लावतात. मालक इतके बदलले, त्यातल्या एकाचंही नाव घेऊन कोणी भाव वाढवून मागत नाही. जुनं बीड बघून मागतात.

४

विकणारा हमखास दाखवतो तो प्रयोग: टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं आणि मशीन चालू करायचं. नाणं पडलं नाही तर पट्टा, पुली, बेअरिंग सगळं ठीक.

५

मी नाण्यावर थांबणार नाही. वीज तोडायची, पातं काढायचं, पट्टा उतरवायचा आणि शाफ्ट नुसत्या बोटांनी हळूहळू फिरवायचा. चांगलं बेअरिंग हाताला जाणवतच नाही. खराब झालेलं बारीक खरखरतं, एखाद्या जागी किंचित अडतं. मग शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवून बघायचं. तिथे खेळ असेल तर दर वेळी काप रुंद येणार, म्हणजे सागाचा तेवढा भुसा होणार. फार जुन्या मशीनमध्ये बॉल बेअरिंगऐवजी व्हाइट मेटल ओतलेलं असतं. ते पुन्हा ओतून, खरवडून बसवणारा कारागीर माहीत असेल तरच त्या मशीनला हात लावावा.

६

थ्री फेज. हे दोन शब्द ऐकून घरगुती गिऱ्हाईक निघून जातं. अमेरिकेतल्या शाळांच्या सुतारशाळा बंद पडल्या तेव्हा लिलावात आलेली उत्तम, जड मशीनं याच कारणाने स्वस्त गेली. घरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालवणारा ड्राइव्ह आता सहज मिळतो. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी मशीनं उचलली.

७

रेडियल आर्म सॉ: करवत वरच्या दांड्यावरून पुढे-मागे सरकते, लाकूड खाली स्थिर. रेमंड डीवॉल्टने १९२० च्या दशकात हे यंत्र बनवलं. १९५० च्या दशकातल्या बिडाच्या दांड्याच्या डीवॉल्टला आजही हौशी गिऱ्हाईक आहे.

याच जातीची क्राफ्ट्समन नावाची यंत्रं सिअर्सने १९५८ ते १९९२ या काळात विकली. २००० साली त्यांतल्या सुमारे ३७ लाख यंत्रांसाठी बनवणाऱ्या एमर्सन कंपनीला सुधारणा जाहीर करावी लागली. ज्यांना बसेल त्यांना पात्यावरचा नवा गार्ड फुकट. ज्यांना बसणार नाही त्यांनी मोटारीचा भाग परत पाठवायचा आणि १०० डॉलर घ्यायचे. जुन्या बाजारात अख्ख्या मशीनला अनेकदा त्याहून कमी मिळतात.

८

आपल्याकडे जुन्या टेबल सॉचं गिऱ्हाईक पळवलं ते मार्बल कटरने. प्लायच्या तुकड्याला खाच पाडायची, कटर खालून उलटा आवळायचा, गार्ड काढून टाकायचा, लाकडाचं पातं लावायचं. काही हजारांत टेबल सॉ तयार. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तो एका हाताने नेता येतो, हे त्याचं खरं बळ. फरशी कापायला बनवलेलं हे हत्यार मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. मिस्त्री त्यासमोर उकिडवा बसतो, तोंड पात्याच्या पातळीला.

९

जुन्या बाजारातल्या मशीनवर गार्ड क्वचितच असतो. पात्यामागची पाचर तर नसतेच. कापलेलं लाकूड पात्याला मागून आवळू नये म्हणून ती असते; ती नसली की फळी उसळून अंगावर येते. भाव करताना कोणी ती मागत नाही.

१०

सॉस्टॉप: पात्याला माणसाची त्वचा लागली की विजेच्या संकेतातला फरक यंत्र ओळखतं, अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. ही कल्पना स्टीफन गॅसची, पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या पेटंट वकिलाची. मोठ्या कंपन्यांनी ती घेतली नाही म्हणून त्याने स्वतःच कंपनी काढली. २००४ पासून मशीनं विक्रीला आली. ब्रेक एकदा लागला की ठोकळा आणि पातं दोन्ही बदलावं लागतं. हा खर्च मी मशीनच्या दोषांत धरणार नाही.

टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन दरवर्षी सुमारे ३० हजार जणांना उपचार घ्यावे लागतात, असा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे.

११

सॉ मिलच्या जुन्या बँड सॉचा भाव विचारला की समोरून प्रश्न येतो: परवान्यासकट, की नुसतं मशीन?

गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जंगलतोडीला लगाम घातला. २००२ मध्ये आदेश आला की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नवी सॉ मिल उघडू द्यायची नाही. आता हे निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे आहेत. नवा परवाना दुर्मीळ झाला आणि भिंतीवरचा चौकटीतला कागद यंत्रापेक्षा महाग झाला. मला हे योग्य वाटतं. जंगल राहिलं पाहिजे. करवतीचा भाव पडला तरी चालेल.

१२

अमेरिकेतून परतताना सामानाबरोबर टेबल सॉ आणायचा विचार असणाऱ्यांसाठी: तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथे २३०, ५०. इंडक्शन मोटारीला ट्रान्सफॉर्मर लावला तरी ती सहाव्या हिश्शाने मंद फिरेल आणि जास्त तापेल. तिथेच विकून यावं.

१३

पात्याचं भोक. अमेरिकी दहा इंची पात्याला पाच अष्टमांश इंच, युरोपी पात्याला ३० मिलिमीटर. वेगळ्याच मापाचा शाफ्ट असेल तर मशीन कितीही देखणं असो, पातं मिळेपर्यंत ते उभं राहणार.

१४

मिस्त्री गेल्यावर घरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं. पहिला येणारा भंगारवाला चालतं मशीन वजनावर नेतो. म्हणून मशीनच्या आतल्या पत्र्यावर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावं: मोटार किती एचपी, सिंगल फेज की थ्री फेज, पात्याचा व्यास, भोक, बेअरिंग कधी बदललं, गार्ड कुठे ठेवलाय.