साथीच्या दिवसांतला इसार



विमानाच्या तिकिटाचा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे एखादा वाचक विचारील. आमचे विमान म्हणजे डोक्यावरून जाते तेवढेच, असेही कोणी म्हणेल. पण दिवस बदलले आहेत. कोणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कोणाची लेक बंगळुरूला नोकरी करते, कुठे अख्खे भजनी मंडळ देवदर्शनाला विमानाने निघते. तिकीट आता तालुक्याच्या गावी, एजंटाच्या दुकानात निघते. बियाण्याची पिशवी घेताना लेबल वाचा, पावती जपून ठेवा, हे सांगण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. तिकीटही तसेच आहे. पैसे आधी द्यायचे आणि आत काय आहे ते नंतर कळायचे.

हे तिकीट समजून घ्यायला इंग्रजी लागत नाही. आपल्याला इसाराचा व्यवहार माहीत आहे, तेवढे पुरे. बैलजोडी ठरली, इसार दिला. मग घेणाऱ्याने शब्द फिरवला तर इसार बुडतो. देणाऱ्याने शब्द फिरवला तर त्याने इसार परत करायचा. विमानाचे तिकीट म्हणजे असाच व्यवहार, फक्त इथे इसार म्हणून पूर्ण रक्कमच आधी भरावी लागते. आपण प्रवास रद्द केला, तर कंपनी ठरलेले शुल्क कापून घेते. तारीख बदलली, तर बदलाचे शुल्क घेते आणि नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर तो फरकही घेते. कंपनीने विमान रद्द केले, तर मात्र कापायचे काही कारण उरत नाही. तेव्हा पहिला प्रश्न नेहमी एकच : शब्द कोणी फिरवला?

पण दोघांपैकी कोणीच शब्द फिरवला नाही आणि साथ आली म्हणून व्यवहार मोडला, तर? या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागातल्या काही घरांना २०२० साली फार महागात शिकावे लागले. ती हकिगत सांगतो.

आमच्याकडे द्राक्षाचे गाव आहे. माल निघाल्यावर वैष्णोदेवीला जायचे म्हणून जानेवारी २०२० मध्ये काही घरांनी मिळून चौदा तिकिटे काढली. मुंबई ते जम्मू, जाऊन-येऊन, माणशी ९,४०० रुपये. प्रवास एप्रिलच्या अखेरीस होता. त्या चौदांत एक वयस्कर बागायतदार आणि त्यांची पत्नी होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना जुना दमा. ९ मार्च रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. अण्णांनी पाच दिवस विचार केला आणि १४ मार्चला आपली दोन तिकिटे रद्द केली. 'दम्याच्या माणसाने या दिवसांत गर्दीत जाऊ नये, आणि गावात परत येऊन दुसऱ्याला आजार देऊ नये,' हे त्यांचे शब्द. कंपनीने माणशी जाण्याचे तीन हजार आणि येण्याचे तीन हजार कापले. दोघांचे मिळून १८,८०० रुपये भरले होते, त्यातले ६,८०० हातात आले.

बाकी बारा जण थांबले. १८ मार्चला वैष्णोदेवीची यात्रा बंद झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि देशांतर्गत विमाने बंद झाली, ती दोन महिन्यांनी, २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. म्हणजे आता व्यवहार कंपनीकडून मोडला होता. पण पैसे आले नाहीत. कंपनीने त्या पैशांचे 'क्रेडिट शेल' केले. म्हणजे रक्कम आपल्या नावावर जमा, पण ती रोख काढायची नाही, पुढे त्याच कंपनीच्या विमानात बसून फेडून घ्यायची.

तिकिटांचा हिशेब ठेवणारा तरुण ते कागद घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजी कागद आला की तो विस्तार अधिकाऱ्याकडे न्यायचा, मग तो खताचा असो की कोर्टाचा, ही खेड्यातली जुनी पद्धत आहे.

'साहेब, पैसे बुडाले का?' त्याने विचारले.

'बुडाले नाहीत, अडकले,' मी म्हणालो.

'आम्हाला दोन्ही सारखेच,' तो म्हणाला.

त्याचे खरे होते. बाजार बंद, व्यापारी येत नव्हता, शेवटचा माल मातीमोल झाला. काही घरांनी अंगणात बेदाणा टाकला. वर खरड छाटणी तोंडावर आलेली. छाटणीला मजूर, औषधे, खते, सगळ्याला रोख लागते. एका बाजूला कंपनीकडे बारा माणसांचे १,१२,८०० रुपये पडून आणि दुसऱ्या बाजूला तीच माणसे पतसंस्थेच्या दारात कर्जाला उभी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

१६ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सूचना काढली. टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिल या काळात, ज्यांनी ३ मेपर्यंतच्या प्रवासाचे तिकीट काढले, त्यांना पूर्ण परतावा द्यावा, असे त्यात होते. म्हणजे टाळेबंदीत तिकीट काढणाऱ्याला पैसे परत, आणि जानेवारीत सरळ मनाने काढणाऱ्याला नाही. आमची बारा तिकिटे बाहेरच राहिली.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 'प्रवासी लीगल सेल' या संस्थेच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाची तिकिटे आधी काढलेली असली तरी कंपनीने पंधरा दिवसांत पैसे परत करावेत. कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारे क्रेडिट शेल द्यावे आणि त्याची किंमत ३० जून २०२० पर्यंत महिना अर्धा टक्का, पुढे महिना पाऊण टक्का वाढवावी. ते दुसऱ्याच्या नावावरही करता यावे. मुदतीत वापरले नाही तर पैसे परत द्यावेत. तिकीट एजंटाकडून काढले असेल, तर आलेली रक्कम एजंटाने प्रवाशाला लगेच पोचती करावी.

न्यायालयाने कंपन्यांची अडचणही लक्षात घेतली, हे सांगितले पाहिजे. विमाने जमिनीवर उभी होती आणि पगार चालू होते. ही दोन्ही बाजूंची ओढाताण आपल्याला परकी नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला, तेव्हा जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. आमच्या भागात ज्यांनी जोडीचा इसार दिला होता त्यांच्या जोड्या विकणाऱ्याच्याच दावणीला राहिल्या. बहुतेकांनी इसार परत केला. कोणी मधल्या दिवसांच्या वैरणीचे चार पैसे ठेवून घेतले, त्यालाही गावाने नाव ठेवले नाही. पण वैरणीचे पैसे ठेवणे वेगळे आणि अख्खा इसार दाबून 'पुढच्या वर्षी माझ्याकडूनच बैल घे' म्हणणे वेगळे. कायदाही हेच सांगतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ५६ व्या कलमात आहे की ठरलेले काम नंतर अशक्य झाले तर करार रद्द होतो. आणि ६५ वे कलम सांगते की अशा करारापोटी ज्याने काही घेतले असेल त्याने ते परत करावे.

आमच्या बारा जणांची रक्कम एप्रिल २०२१ मध्ये आली. तोवर दुसरी लाट गावात शिरली होती. एका घराने त्याच पैशातून ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने आणले, दुसऱ्याने दवाखान्याचे बिल भरले. वर्षभर अडकलेला पैसा नेमका कशाला लागेल, हे पैसे अडकवणाऱ्याला कधी दिसत नाही.

आता अण्णांकडे वळू. त्यांचे बारा हजार गेले ते गेलेच. विमान रद्द होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतः तिकीट रद्द केले होते, म्हणून त्या निकालाचा त्यांना उपयोग नव्हता. जो काळजीने घरी राहिला त्याला दंड, आणि जो 'बघू पुढे' म्हणून थांबला त्याला परतावा. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात जास्त खटकते. साथीच्या काळात आजारी आणि वृद्ध माणसाने घरी राहावे, असे सरकार सांगते, डॉक्टर सांगतात. पण तिकिटावरचे शुल्क त्याला सांगते, 'निघ, नाहीतर पैसे बुडतील.' ताप अंगात घेऊन, गोळी खाऊन विमानात बसणारा माणूस नेहमी बेफिकीरच असतो असे नाही. पुष्कळदा त्याला तिकिटाचे पैसे वाया घालवणे परवडत नसते.

शुल्क ही काही देवाने घातलेली रीत नाही. मार्च २०२० मध्ये आपल्याकडच्या काही कंपन्यांनी तारीख बदलण्याचे शुल्क थोड्या दिवसांसाठी सोडले होते, भाड्यातला फरक मात्र द्यावा लागे. अमेरिकेत युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तीन मोठ्या कंपन्यांनी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस देशांतर्गत बहुतेक तिकिटांवरचे बदलाचे शुल्क कायमचे काढून टाकल्याचे जाहीर केले. त्याच देशाच्या वाहतूक खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये परतावा रखडवणाऱ्या सहा कंपन्यांवर कारवाई केली. त्यात आपली एअर इंडियाही होती. तिला प्रवाशांचे १२ कोटी १५ लाख डॉलर परत करावे लागले आणि १४ लाख डॉलर दंड बसला. म्हणजे नियम करणाऱ्याने मनावर घेतले तर पैसे परत येतात. साथ जाहीर झाली की डॉक्टरचा दाखला असलेल्या माणसाचे शुल्क माफ, एवढा नियम आपल्याकडे कायमचा झाला, तर अण्णांसारख्याला देवदर्शन आणि जीव यांत पैशाचा हिशेब करावा लागणार नाही. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून आणि खासदारांच्या कानांवर घालण्याजोगी आहे.

तोपर्यंत आपण काय करावे? पाच गोष्टी सांगतो.

पहिली, पैसे देण्याआधी एजंटाला विचारा : रद्द केले तर किती कापणार, तारीख बदलली तर किती घेणार? आकडा लिहून घ्या. स्वस्त तिकिटाचे शुल्क बहुधा जड असते. सगळ्या मंडळींचे तिकीट काढताना घरातल्या म्हाताऱ्यांचे आणि गरोदर लेकी-सुनांचे तिकीट थोडे जास्त पैसे देऊन बदलता येणारे घ्यावे.

दुसरी, तिकिटावर आपला स्वतःचा मोबाईल नंबर घाला, एजंटाचा नको. विमान रद्द झाल्याचा निरोप आपल्याला मिळाला पाहिजे.

तिसरी, साथ पसरू लागली आणि घरचे सगळे धडधाकट असतील, तर घाईने तिकीट रद्द करू नका. आधी कंपनीने शुल्क माफ केले आहे का, विमान रद्द होणार आहे का, ते विचारा. पण घरात कोणी आजारी असेल, तर शुल्काकडे न पाहता थांबा. अण्णांनी केले तेच बरोबर.

चौथी, 'परतावा नाही' असे छापलेल्या तिकिटातूनही विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात, ते मागून घ्या. क्रेडिट शेल घ्यायचे की रोख, हे नियमाप्रमाणे प्रवाशाने ठरवायचे असते. रोख हवे असेल तर तसे लेखी कळवा.

पाचवी, एजंट कंपनीकडे आणि कंपनी एजंटाकडे बोट दाखवू लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, केंद्र सरकारचे 'एअरसेवा' हे तक्रारीचे ठिकाण आहे. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ही पायरी फार उंच नाही. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र पावती लागेल, तिकीट लागेल, आलेला निरोप लागेल.

म्हणून सातबारा आणि खताच्या पावत्या ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत तिकिटाची छापील प्रत आणि एजंटाची पावतीही ठेवा. प्रवास सुखरूप होऊन घरी परत येईपर्यंत तरी ती फाडू नका.