शीर्षासन आणि डोळ्यांचे थेंब

आजोबांना काचबिंदू झाल्याचं कळलं तेव्हा त्यांचं वय ७६ होतं आणि शीर्षासनाची सवय पन्नास वर्षांची. डॉक्टरांनी रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले. व्यायाम करता का, असंही विचारलं. 'रोज,' आजोबा अभिमानानं म्हणाले. 'छान, चालू ठेवा.' कोणता व्यायाम, हे कुणी विचारलं नाही.

मग वाचत बसणं माझ्याकडे आलं. (घरातल्या इंजिनिअरला वायफायपासून डोळ्यांपर्यंत सगळं कळतं, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे.) डोळ्याच्या पुढच्या भागात एक द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून निचरून शेवटी शिरांमध्ये जातो. निचरा अडला की दाब वाढतो, आणि मागच्या दृष्टिचेतेचे तंतू मरू लागतात. मेलेले तंतू परत येत नाहीत. हा दाब एरवी साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. डोकं खाली केलं की शिरांमधलाच दाब वाढतो, मग निचरा होणार कुठे? चेन्नईत योगाभ्यास करणाऱ्यांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी हा दाब दुप्पट झालेला दिसला. हलासनात आणि अधोमुख श्वानासनातही तो वाढतो. आसन सोडल्यावर थोड्या वेळात उतरतो, हे खरं. पण आधीच खंगलेल्या चेतेवर तो रोज कशाला चढवायचा?

आजोबांना हे पटेना. "अरे वा! डोक्याकडे रक्त जावं, डोळे चांगले राहावेत म्हणूनच तर करतो मी." शेवटी पुढच्या तपासणीत मी डॉक्टरांसमोरच विषय काढला. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि शीर्षासन बंद करायला सांगितलं. आजोबा त्या दिवशी जेवताना कुणाशीही बोलले नाहीत.

चालण्याची गोष्ट वेगळी. भरभर चालण्यानं हा दाब काही काळ कमी होतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी काचबिंदूच्या १४१ रुग्णांना आठवडाभर पावलं मोजणारं यंत्र लावलं. २०१९ साली त्यांनी मांडलं, की दिवसाला ५,००० पावलं जास्त असतील तर नजर जाण्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसतो. माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच शंका आली: चालल्यामुळे नजर टिकते, की नजर टिकलेलेच जास्त चालतात?

दुसरी शक्यता घरातच दिसत होती. आजोबांची उजव्या कडेची नजर गेली आहे. समोरचं पेपरातलं बारीक अक्षर दिसतं, पण बाजूनं येणारी स्कूटर अंगावर आल्यावरच कळते. फुटपाथवर टपऱ्या, म्हणून रस्त्यावरून चालायचं. हळूहळू त्यांनी फिरणंच सोडलं होतं, आणि विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतात गं."

आता ऑफिसच्या आधी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं निघतो. मी त्यांच्या उजवीकडून चालते. परवा म्हणाले, "शवासन तरी चालतं ना तुझ्या त्या चेन्नईवाल्यांना?"