श्नाके चावली

भाची जर्मन शिकतेय. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हिचं तिकडेच लक्ष. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या ड्रमाला टेकून शब्द घोकते. लांबून मनमाड जंक्शनवरच्या गाड्यांचा पुकारा ऐकू येतो आणि मध्येच तिची स्वतःच्या पोटरीवर फटकन चापट.

परवा तळहात माझ्यापुढे धरला. तांबडा ठिपका, त्यात चिरडलेले पाय. "मामा, ह्याला काय म्हणायचं तेच कळेना. पुस्तकात म्यूके आहे. पण मी जाणार तिथले लोक म्हणे श्नाके म्हणतात."

"मग तू पण म्हण."

"अरे, पण बाकीच्या जर्मनांची श्नाके वेगळीच. लांब तंगड्यांची, चावतच नाही! ऑस्ट्रियात गेल्झे. आणि बव्हेरियात कुठेकुठे म्यूकेच्या जातकुळीतलाच शब्द घरमाशीला लावतात. पेशंट म्हणाला श्नाके चावली, तर मी मलम लावू की हसू?"

हसलो मीच. पण अंथरुणावर पडल्यावर हिशेब केला, तर आपल्याकडे तरी काय धड आहे? आमच्या घरात डास, भिंतीपलीकडच्या हिंदी घरात मच्छर. तरी डासांपासून वाचवते ती मच्छरदाणीच. दुकानात डासदाणी मागणारा माणूस मला अजून भेटायचाय. चिलट म्हणजे पिकल्या केळ्यावरचं बारीक पाखरू, असं मी समजतो. आजीच्या लेखी मात्र रात्री चावणारं सगळंच चिलट. डोळ्यापुढे नाचतं ते घुंगुरटं, त्यावर तेवढं घरात एकमत. गंमत म्हणजे डास हा शब्द ज्या संस्कृत दंशापासून आला, तो दंश म्हणजे रानमाशी. आपला डास तेव्हा मशक होता. म्हणजे आपलाही शब्द एका किड्यावरून उडून दुसऱ्यावर बसलेला. आणि मश्क म्हटलं की उर्दूवाल्यांना आठवते भिश्त्याची पाण्याची कातडी पिशवी. मनमाडला हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदायला हरकत नाही.

कारण इथे पाणी आणि डास वेगळे काढताच येत नाहीत. वाघदर्डीच्या धरणाकडे डोळे लावून बसणारं हे गाव. नळ पंधरा-वीस दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. मग टाकी, ड्रम, हंडे, कळशी, जे हाती लागेल ते भरून ठेवायचं. डेंगीचा एडिस डास अंडी घालतो ती नेमकी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमाच्या ओलसर भिंतीला. उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पुढचा नळ यायच्या आत तो उडालेला असतो. ड्रम रिकामा झाला तरी अंडी सुकून महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्यसेविका सांगून जाते. बरोबरच सांगते. पण पंधरवड्याचं पाणी गटारात ओतायला हात धजत नाही.

नावाचा घोळ हिवतापाचा माग काढणाऱ्या डॉक्टर रोनाल्ड रॉसलाही चुकला नाही, त्यालाही आपल्या डासाचं नाव ठाऊक नव्हतं. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत हिवतापाचा जंतू सापडला तो ठिपकेदार पंखांच्या डासात. त्याआधी तो भलतेच डास तपासत बसला होता. डॉक्टरला डास म्हणून भागत नाही, कुठला डास ते लागतं. भाचीच्या भावी मुलखात ऱ्हाईनकाठच्या गावांनी १९७६मध्ये श्नाकेंविरुद्ध मिळून संघटना काढली, नावातही श्नाकेच. आता हेलिकॉप्टरमधून बर्फाच्या दाण्यांत अळीनाशक जिवाणू टाकतात. हे ऐकून भाची म्हणाली, "आपल्याकडे टँकर येतो तोच पुष्कळ."

पहाटे गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" वही तशीच उघडी टाकून ती उठली. ड्रमाच्या तळाशी बोटभर पाणी उरलं होतं. मोबाइलचा उजेड आत धरला, तर भिंतीला मोहरीहून बारीक काळ्या दाण्यांची रेघ.

"मामा, पाइप लावू नकोस अजून," ती म्हणाली, आणि काथ्या शोधू लागली.