फ्रेडीचे कच्चे टेक

फ्रेडी मर्क्युरी गेला २४ नोव्हेंबर १९९१ ला. वर्षभरातच ‘द फ्रेडी मर्क्युरी अल्बम’ बाजारात आला. ‘क्वीन’ सोडून त्याने केलेली गाणी, त्यातली बरीच नव्याने मिक्स केलेली. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ १९८५ मध्ये आलं तेव्हा फारसं चाललं नव्हतं. १९९३ मध्ये कुणीतरी त्याला डान्सचा ठेका जोडला आणि ते ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं. हा ठेका चालेल का, असं फ्रेडीला विचारायची सोयच नव्हती.

मग २००० मध्ये ‘द सोलो कलेक्शन’ हा थोरला बॉक्स निघाला. दहा सीडी, दोन डीव्हीडी. ‘मिस्टर बॅड गाय’ आणि ‘बार्सिलोना’ हे अल्बम त्यात आहेतच, पण मी परत परत ऐकतो ते डेमो. ‘बार्सिलोना’ त्याने मोन्सेरात कबाये या ऑपेरा गायिकेबरोबर केला. डेमोमध्ये तिच्या वाटच्या ओळीही तोच बारीक आवाज काढून गातो. पक्क्या अल्बममधला राजेशाही थाट इथे नाही. इथे एक माणूस चाल शोधत बसलाय. पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत ‘हेक्टिक्स’ बँडसाठी पियानो वाजवणारा फारोख बलसारा मला या टेकमध्ये जास्त दिसतो.

माझा दादा गेल्या वर्षी गेला. त्याच्या मोबाइलमध्ये ३७ रेकॉर्डिंग सापडली. सगळ्या त्याच्याच चाली. मागे पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, मध्येच ‘थांब, परत घेतो.’ त्याचे मित्र म्हणतात, आवाज साफ करू, ड्रम्स टाकू, त्याच्या वाढदिवसाला रिलीज करू. त्यांचा जीव होता त्याच्यावर. आईला मात्र शिट्ट्यांसकट हवंय. कुकर तिनेच लावलेला होता ना.

त्या रिमिक्समुळे कितीतरी पोरं पहिल्यांदा फ्रेडीपर्यंत पोचली असतील, हे मला मान्य आहे. म्हणून मित्रांना मी हो म्हटलंय. अट एकच, प्रत्येक मिक्सखाली मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाकायचं. एकात दादा शब्द विसरतो, हसतो आणि नुसतंच गुणगुणत राहतो. त्याला कुणी हात लावायचा नाही.